एकाच सर्व्हरवर सगळ्यांच्या लायब्ररी: कुणी टाकायच्या, कुठे टाकायच्या?

प्रश्न: नमस्कार सर, मी सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे एकच मोठा उबुंटू २४.०४ सर्व्हर आहे आणि सगळी मुलं त्यावरच लॉगिन करतात. एका ग्रुपचा प्रोजेक्ट चादरीच्या विणीतले दोष कॅमेऱ्यावरून ओळखायचा आहे, ओपनसीव्ही ही चित्रं तपासणारी लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरून. परवा कुणीतरी सुडोनं (ॲडमिनच्या अधिकारानं) नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी अपग्रेड केली आणि या ग्रुपचा चालता प्रोग्रॅम इम्पोर्टलाच, म्हणजे लायब्ररी आत घेतानाच, पडायला लागला. ज्यानं त्यानं आपापल्या होम फोल्डरमध्ये टाका म्हणावं तर डिस्क भरते. काय करू?

उत्तर: ताई, सगळ्यात आधी मुलांकडचं सुडो काढून घ्या, आजच. बाकी सगळं त्यानंतर.

आता झालं काय ते सांगतो. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं आणि त्यात आतली बायनरी रचना बदलली, त्यामुळे १.एक्सवर (जुन्या १ च्या व्हर्जन्सवर) कंपाइल झालेल्या बऱ्याच लायब्ररी त्याच्याबरोबर चालतच नाहीत. अपग्रेड करणाऱ्या मुलावर चिडू नका, त्याला खरंच नवीन व्हर्जन लागत असेल, पण जागा एकाच व्हर्जनची होती. शिवाय उबुंटूची स्वतःची बरीच कामं सिस्टमच्या पायथनवर चालतात, म्हणून तर हल्ली पिप हे पायथनच्या लायब्ररी टाकणारं साधन तिथे इन्स्टॉल करायला नकार देतं, आणि मुलं नेटवर बघून ब्रेक-सिस्टम-पॅकेजेस हा ऑप्शन लावून ते रेटतात. हे अजिबात चालू देऊ नका.

स्लॅश यूएसआर हा फोल्डर एपीटीची, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरची जागा, तिथे हातानं काही टाकायचं नाही. बाहेरून आणलेल्या लायब्ररींसाठी स्लॅश ऑप्ट आहे. तिथे प्रत्येक लायब्ररीचा फोल्डर करा आणि त्यात प्रत्येक व्हर्जनचा वेगळा, म्हणजे ओपनसीव्हीत ४.१० एकीकडे, पुढचं घेतलं की त्याच्या शेजारी. जुन्यावर नवीन कधीच चढवायचं नाही, माझं सगळं म्हणणं या एका नियमात आलं. सोर्समधून बिल्ड करताना सीमेक या बिल्डच्या साधनाला इन्स्टॉल प्रीफिक्स (कुठे टाकायचं ती जागा) म्हणून तोच फोल्डर द्या.

मग कोण कुठलं व्हर्जन वापरणार हे एन्व्हायर्नमेंट मॉड्यूल्स या व्हर्जन निवडून देणाऱ्या साधनावर सोपवा, किंवा तसंच काम करणारं एलमॉड घ्या. मुलानं मॉड्यूल लोड करून नाव आणि व्हर्जन दिलं की पाथ, एलडी लायब्ररी पाथ वगैरे (प्रोग्रॅम आणि लायब्ररी कुठे शोधायच्या ते) त्याच्याच सेशनपुरते बदलतात, शेजारच्याला काही कळतही नाही. सीडॅकच्या परम सुपरकॉम्प्युटरवरही काम असंच चालतं, तेव्हा मुलांना ही सवय पुढेही उपयोगी पडेल.

पायथनसाठी ऑप्टमध्येच सामायिक व्हेन्व (पायथनच्या लायब्ररींचे वेगवेगळे कप्पे) करा, एक नमपाय १.२६ वालं, एक २ वालं. ज्या जागी ठेवायचंय तिथेच बनवा, कारण आतल्या स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ लिहिलेला असतो, नंतर हलवलं की बिघडतं. पिप फ्रीजची, म्हणजे टाकलेल्या लायब्ररींची व्हर्जनसकट यादी शेजारी ठेवा. असं केलं की डिस्कवर एकच कॉपी राहते. कुणाला प्रयोग करायचा असेल तर होममध्ये स्वतःचं व्हेन्व करू दे, पण डिस्क कोटा (जागेची मर्यादा) लावून.

परमिशन सोप्या आहेत: तुम्ही आणि एखादे सर यांचा ग्रुप करा, फोल्डरला २७७५ ही परमिशन द्या म्हणजे नवीन फाइलींचा ग्रुप तोच राहतो, तुमचा युमास्क (नवीन फाइलींच्या परमिशन ठरवणारं सेटिंग) ००२. बाकीच्यांना फक्त वाचायची आणि चालवायची मुभा.

ही मांडणी घाईनं करू नका, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत लॅब रिकामी मिळाली तर तेव्हा करा. आणि जुनं व्हर्जन, कितीही जुनं असू दे, शेवटच्या वर्षाच्या ओरल झाल्याशिवाय डिलीट करू नका.