क्रिस्टलच्या ओळी वाढवण्याआधी पॉवर उतरवून मोजा

तुमचा लिथियम नायोबेटचा 5 गिगाहर्ट्झचा रेझोनेटर (कंप साठवणारी सूक्ष्म रचना) व्हीएनएवर, म्हणजे सिग्नल पाठवून प्रतिसाद मोजणाऱ्या यंत्रावर, क्यू (कंप किती टिकतो याचा आकडा) 1 लाख दाखवतो, पण क्यूबिटने (क्वांटम सर्किटने) एकच फोनॉन, म्हणजे कंपाचा सर्वांत लहान पुंजका, घातला की तो 0.6 मायक्रोसेकंदात विरतो. म्हणून पुढच्या चिपवर फोनॉनिक क्रिस्टलच्या (टेकूतून कंप बाहेर जाऊ न देणाऱ्या नक्षीच्या) ओळी वाढवणार, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबा. याच पायी माझे सात महिने गेले.

1 लाख क्यूला 3.2 मायक्रोसेकंद मिळायला हवेत. 0.6 म्हणजे क्यू जेमतेम 19 हजार. माझ्या मते दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त वेगवेगळ्या पॉवरचे. जास्त पॉवरला टीएलएस (पदार्थातले ऊर्जा शोषणारे सूक्ष्म दोष) तृप्त होतात आणि शोषण थांबतं. एकट्या फोनॉनला ते सगळे उपाशी भेटतात. आलेखातला डिप स्वच्छ दिसावा म्हणून मी पॉवर चढवूनच मोजत राहिलो आणि दोष टेकूला, म्हणजे बीम चिपला जोडणाऱ्या भागाला, दिला. 4 ओळींच्या 8 केल्या, मग 12. क्यूबिटवरचा आकडा जागचा हलला नाही. पहिल्याच बदलानंतर कळायला हवं होतं की ऊर्जा टेकूतून जात नाहीये. कॅलटेकच्या गटाने 2020 मध्ये नुसत्या सिलिकॉनच्या 5 गिगाहर्ट्झच्या बीममध्ये फोनॉन 1.5 सेकंद टिकवून दाखवला होता; म्हणजे ओळींनी टेकू नीट बंद होतो. पुढचं दुखणं पीझो (विजेने कंपणाऱ्या) थराचं आणि पृष्ठभागाचं.

शेवटी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बीमच्या कडेला रेझिस्टची (चिप कोरताना लावतात त्या लेपाची) पातळ किनार दिसली; टीएलएस तिथलेच. आम्ही जिथे चिप करून घ्यायचो तिथल्या क्लीनरूमने रेझिस्ट काढायची पायरी परस्पर बदलली होती. नाव घेत नाही. तीन मेलना एकच उत्तर आलं, 'प्रक्रिया नेहमीचीच आहे.' एका ओळीने कळवलं असतं तर एका विद्यार्थिनीचं अख्खं सत्र वाचलं असतं. याचा राग अजून आहे. तेव्हापासून प्रत्येक चिपसोबत मी प्रक्रियेचा लेखी तपशील मागतो, तुम्हीही मागा.

आता कमी पॉवरवर फ्रिज 15 वरून 150 मिलीकेल्विनपर्यंत हळूहळू चढवा. क्यू आधी वाढला तर अनुनादी (रेझोनेटरच्याच वारंवारितेचे) टीएलएसच समजा. हे व्हीएनएवरच करा, त्या तापमानाला क्यूबिट भरवशाचा राहत नाही. अर्थात माझा अनुभव पातळ बीमचा आहे. नीलमण्यावरच्या जाड एचबारमध्ये (अख्ख्या स्फटिकात कंप साठवणाऱ्या रेझोनेटरमध्ये) बहुतेक ऊर्जा आतच असते, तिथे हे जसंच्या तसं लावू नका.

आणि एक, क्यूबिटची वारंवारिता रेझोनेटरपासून 50, 100, 200 मेगाहर्ट्झ दूर ठेवून फोनॉनचं आयुष्य मोजलंत का? अंतरासोबत ते वाढत गेलं तर गळती क्यूबिटमधूनच आहे, मग क्लीनरूमशी भांडायला जाऊ नका.