पाऊस वर पडून गेलाय का?

गाळ्यावरून : उद्योजक वाचकांच्या पत्रांना उत्तरं

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत आमचा दोन पिढ्यांचा कारखाना आहे. मोटरसायकलच्या इंजिनाचे व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्ह ज्यातून सरळ वर-खाली होतो ती नळी) बनवतो. ३४ माणसं, ६ कोटींची उलाढाल, त्यातले ७० टक्के एकाच कंपनीकडून. ती कंपनी आता म्हणते, शेड्यूल (दर महिन्याची मागणी) दीडपट करतो, पण त्यासाठी तुम्ही ५५ लाखांचं एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेलं खास मशीन) टाका. मुलगा इंजिनीअर होऊन आलाय. तो विचारतो, ‘बाबा, सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की त्या मशीनचं काय लोणचं घालायचं?’ एका सल्लागाराने वाशीच्या हॉटेलात ‘भविष्यवेधी नेतृत्व’ असं दोन दिवसांचं शिबिर सुचवलंय, फी पावणेदोन लाख. पेट्रोलची गाडी अजून किती वर्षं चालणार, एवढं तरी कुणी ठामपणे सांगेल का?
– एक उद्योजक, रबाळे

उत्तर : शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. जो ठामपणे सांगेल त्याला पावणेदोन लाख सोडा, कटिंग चहासुद्धा पाजू नका.

शिबिरांवर माझा राग नाही. मीही एकदा गेलो होतो. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, ‘बदल’ या एका शब्दावर अर्धा दिवस गेला, जेवण उत्तम होतं. गाळ्यावर परत आलो तर मशीनच्या चकमध्ये तोच जॉब अडकलेला आणि बँकेतून दोनदा फोन येऊन गेलेला.

मला उपयोगी पडलेली गोष्ट दुसरीच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शेल या तेल कंपनीत पिएर वाक नावाचे एक फ्रेंच गृहस्थ होते. तेलाचा भाव अमुक होईल असं ते सांगत नसत. पुढे काय काय घडू शकेल याच्या दोन-तीन वेगळ्या कहाण्या रचून ते वरच्या साहेबांपुढे ठेवत आणि विचारत, ही खरी झाली तर आज काय कराल? ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवलं, काही महिन्यांत भाव जवळपास चौपट झाला. शेलच्या लोकांनी ती कहाणी आधी ऐकलेली होती. वाक यांचं आवडतं उदाहरण आपल्याकडचंच. गंगेच्या वरच्या खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला की दोन दिवसांनी ऋषिकेशला पाणी चढणार, मग अलाहाबादला, मग काशीला. याला भविष्य सांगणं म्हणत नाहीत. पाऊस पडून गेलाय, पाणी वाटेत आहे.

आता हे आपल्या धंद्याला लावा. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ नियम लागू होणार हे सरकारने २०१६ मध्येच सांगितलं होतं. तो पाऊस चार वर्षं आधी पडून गेला होता, तरी शेवटच्या सहा महिन्यांत धावाधाव करणारे कितीतरी जण मी बघितले. आणि त्या तारखेच्या बरोबर आठवडाभर आधी लागलेला लॉकडाऊन? तो कुणाच्याच चिठ्ठीवर नव्हता. पहिल्या जातीच्या गोष्टीसाठी काम काढावं लागतं. दुसऱ्या जातीसाठी फक्त गाठीला पैसा लागतो, आणि कुठल्याही जॉबला वळवता येईल असं मशीन.

म्हणून तुमचे आकडे मांडून बघितले. पत्रासोबतच्या कागदावर पगार, पीएफ, लाईट बिल, हप्ते धरून महिन्याचा बांधील खर्च १४ लाख दिसतो. ओडी (बँकेचा ओव्हरड्राफ्ट) सोडून हाताशी २१ लाख. म्हणजे उद्या एकही नग गेला नाही तर तुम्ही दीड महिना उभे राहाल. चिरंजीव दहा वर्षांनंतरच्या बॅटरीचा विचार करतात, चांगलं आहे, पण आधी दीडाचे सहा महिने कसे होतील ते त्यांना बघू दे. तुमची उलाढाल १० कोटींच्या आत आहे. यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींच्या आत असेल, तर १ एप्रिल २०२५ पासूनच्या व्याख्येत तुम्ही सूक्ष्म उद्योगात बसता. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे तुमचं बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, आणि नाही केलं तर पैसे देईपर्यंत त्या कंपनीला आयकरात त्या खर्चाची वजावट मिळत नाही. त्यांच्या अकाउंट्सला हे पाठ असतं. तुमच्या उद्यम नोंदणीची (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीची) प्रत त्यांच्या फायलीला लागली आहे ना, एवढं तपासा. भांडायची गरज बहुधा पडत नाही.

आता एसपीएम. ते मशीन एकच काम झपाझप करतं आणि दुसरं काहीच करत नाही. इलेक्ट्रिक स्कूटरला इंजिनच नाही, मग व्हॉल्व्ह कुठला आणि गाइड कुठला. चिरंजीवांचं तिथे खरं आहे. पण आज रजिस्टर झालेली मोटरसायकल पंधरा वर्षं रस्त्यावर राहू शकते, तिला सुटे भाग लागतील. ट्रॅक्टर आहेत, शेतीचे डिझेल पंप आहेत, जनरेटर आहेत. आणि विजेची वाटही सरळ नाही. एप्रिल २०२५ मध्ये चीनने विजेच्या मोटरला लागणाऱ्या दुर्मीळ धातूंच्या चुंबकांवर निर्यातीची बंधनं घातली तेव्हा इथल्या इलेक्ट्रिक दुचाकीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तेव्हा कारखाना विकायला काढू नका, पण ५५ लाख एका भागात गाडूही नका. कंपनीला सांगा, मशीन तुम्ही घ्या, आम्ही चालवतो. नाहीतर मशीनची किंमत फिटेपर्यंतच्या नगांची लेखी हमी द्या. दोन्हीला नकार आला तर तोसुद्धा निरोपच समजा. त्यांना स्वतःलाच त्या शेड्यूलची खात्री नाही. मशीन घ्यायचंच तर साधं सीएनसी टर्निंग सेंटर घ्या, म्हणजे प्रोग्रॅम बदलला की वेगळा जॉब करणारं लेथ. तुमच्या पोरांचं खरं कसब बोअर (आतलं भोक) मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, धरण्यात आहे. ते कसब हायड्रॉलिकच्या बुशला (आत बसवायच्या नळीला) लागतं, पंपाच्या बुशलाही लागतं.

एक स्पष्टच लिहितो. तुम्हाला भीती विजेच्या गाडीची आहे. मला तुमच्या त्या ७० टक्क्यांची वाटते.

ठाण्यात वागळे इस्टेटला रोड नंबर २२ वर माझं प्रेसकाम होतं, पत्रा दाबून भाग काढायचं. १९९८ साली माझे ९० टक्के एका कंपनीकडून होते, तिचा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर. माल घेऊन जाणारा आमचा टेम्पोवाला एका दुपारी चलान देताना म्हणाला, ‘शेठ, तिथे हल्ली रांगच नसते. आधी गेटवर दोन-दोन तास जायचे, आता वॉचमन लगेच आत घेतो.’ मी म्हटलं, बरंच आहे की, तुझं डिझेल वाचलं. त्याच आठवड्यात मी कर्ज काढून १०० टनी प्रेस बुक केली. तीन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं, उत्पादन दुसऱ्या राज्यात हलवत आहोत. प्रेस आली तेव्हा तिच्यात घालायला पत्रा नव्हता. डोंबिवलीचा प्लॉट विकून कर्ज फेडलं. अर्थतज्ज्ञांचे लेख मी तेव्हाही वाचत होतो. माझा पाऊस कुठे पडला ते फक्त टेम्पोवाल्याने बघितलं होतं, आणि मी त्याच्या डिझेलचा हिशोब करत बसलो.

त्यानंतर गाळा बंद करेपर्यंत एक पद्धत पाळली. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, ड्रायव्हर, स्टोअरकीपर, सेटर (मशीन लावून देणारा) आणि हिशोब बघणाऱ्या बाई यांच्याबरोबर वडापाव. प्रश्न एकच : या महिन्यात काय वेगळं दिसलं? पहिल्या दोन बैठकींत सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसले. तिसऱ्या वेळी सेटर हळूच म्हणाला, अमक्याकडून सॅम्पल तेवढे मागतात, पुढे ऑर्डर येत नाही. तुमच्याकडेही हे करून बघा, आणि तुम्ही शेवटी बोला. मालक आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात. कान कशाकडे लावायचा? नव्या मॉडेलच्या ड्रॉइंगसाठी तुम्हाला बोलावतात का, की फक्त जुन्याचेच नग वाढवतात? ज्या साहेबाने तुमचा पार्ट पास केला तो कुठल्या खात्यात गेला? काल चालणारा माल आज रिजेक्ट का व्हायला लागला? यातल्या दोन गोष्टी एकदम दिसल्या तर सल्लागाराची वाट बघू नका.

ते पावणेदोन लाख? दुसऱ्या गिऱ्हाइकाचे सॅम्पल बनवण्यात घाला. पाच-सहा फुकट जातील, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : नौपाड्यात माझं पोळी-भाजी केंद्र आहे. मी सारखं ‘असं झालं तर, तसं झालं तर’ करत असते म्हणून घरचे मला अपशकुनी म्हणतात. भविष्याची तयारी करायची तरी किती?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : पत्रासोबत पाठवलेल्या तुमच्या ‘असं झालं तर’च्या यादीत दहा गोष्टी आहेत. त्यातलं गॅसचं आणि भाजीच्या भावाचं सोडून द्या, ते सगळ्यांचंच होतं, तुम्ही एकट्या मागे पडत नाही. भाडेकरार संपायला पाच महिने आहेत, त्याचं बोलणं मात्र या महिन्यात करा, मालक दुसऱ्या कुणाला जागा दाखवायच्या आत. आणि ‘गणपतीत पोळ्या लाटणाऱ्या बायका अचानक कोकणात गेल्या तर’ असं लिहिलंयत. ताई, त्यात अचानक काय आहे? गणपती कधी बसणार ते कॅलेंडरात छापलेलं असतं. त्या जाणारच, गाडीचं आरक्षणही त्यांनी तुमच्या आधी केलेलं असेल. आजच त्यांना विचारा, तुमच्या जागी आठ दिवस कोण येईल. कोण घाटावरची आहे आणि गणपतीत ठाण्यातच असते, हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.