परदेशात मेट्रो-ट्रेनच्या तिकिटात फसू नये म्हणून काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की इंदूरहून आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच युरोपला निघाला आहात आणि तिकिटांच्या फसवणुकीची धास्ती वाटतेय. आमच्यावर हा प्रसंग आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१९ मध्ये आई आणि मावशीला घेऊन मी पॅरिसला गेले होते. एका मोठ्या स्टेशनात तिकिटाच्या मशीनपाशी चाचपडत होतो, तेवढ्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक माणूस आला. बोलणं फार अदबीचं. "तुमचं कार्ड इथे चालत नाही," म्हणाला, स्वतःच्या कार्डाने तिकिटं काढली आणि तिघींच्या आठवड्याच्या पासचे म्हणून रोख पैसे घेतले. मावशीने तर त्याला तोंडभर आशीर्वाद दिला. त्या तिकिटांवर फाटक उघडलंसुद्धा. उतरल्यावर मात्र तपासनिसाने बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: 'तारिफ रेद्युई'. म्हणजे सवलतीचं तिकीट, तेही एकाच फेरीचं. दंड जागेवर भरला. आई त्याला मराठीतच सांगत होती, "अहो, आम्ही पैसे दिलेत हो." तिचा तो चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो.

तेव्हा मशीनपाशी कोणी आपणहून मदतीला आलं की सरळ नाही म्हणा. अडलंच तर काउंटर शोधा, रांग लागली तरी चालेल. भाडं आधीच पाहून ठेवा. पॅरिसमध्ये जानेवारी २०२५ पासून मेट्रो आणि उपनगरी ट्रेनचं एकच तिकीट झालं, तेव्हा २.५० युरोचं, विमानतळाचं वेगळं, १३ युरोचं. आकडा माहीत असला की कोणी तोंडाला येईल ती रक्कम सांगू शकत नाही.

आपल्या लोकांचा दंड दुसऱ्याच कारणाने जास्त होतो, असं मला वाटतं. सिटी बसमध्ये कंडक्टर जागेवर येऊन तिकीट देतो, त्याची आपल्याला सवय. प्रागमध्ये कागदी तिकीट घेतलंत तरी पिवळ्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ उमटवावी लागते; इटलीत लोकल गाडीच्या कागदी तिकिटावर चढण्याआधी फलाटावर तशीच तारीख-वेळ छापून घ्यायची. नाही केलं तर खरं तिकीटही बिनकामाचं. तपासनीस साध्या कपड्यांत असू शकतो, म्हणून आधी बिल्ला मागा आणि दंडाची पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

लंडनला गेलात आणि फाटकावर बँकेचं कार्ड टेकवून जाणार असाल, तर आई, बाबा आणि तुम्ही, प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागेल. एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. ज्या कार्डाने आत गेलात त्याच कार्डाने बाहेर पडायचं, नाहीतर जास्तीत जास्त भाडं कापलं जातं. आई-बाबांची कार्डं इथूनच सुरू करून घ्या आणि इंदूरच्या राजवाड्याजवळच्या एखाद्या दुकानात दोघांच्या हातून एकदा वापरून बघा.