सुरतेत वाढलेला, खान्देशची बोली अहिराणी न येणारा मुलगा खान्देशी ठरतो का?

माझ्या मते ठरू शकतो. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक व्यक्तीची ओळख देहात नव्हे, तर जाणिवेच्या व स्मृतीच्या सलगतेत शोधतो. बौद्ध विचार तर कायम टिकणारा ‘मी’च नाकारतो. समूहाची स्मृती मात्र कृतीतूनच राखावी लागते. 1906 साली खान्देश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले आणि आज त्या नावाचा जिल्हाही नाही. तरी श्रावणात कानबाई या खान्देशातल्या लोकदेवीच्या रोटांसाठी, म्हणजे गव्हाच्या नैवेद्यासाठी, सुरत-पुण्याचे भाऊबंद गावी जमतात, तेव्हा तो मुलगा आपसूक त्यांच्यातला होतो. रोटांचे गहू मात्र अनेक घरांत पुरुषांच्या नावे मूठमूठ मोजले जातात (हे सहसा कोणी बोलत नाही). त्या मोजणीबाहेरच्या सुनेची ओळख कुठे धरायची, हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो.