फ्लॅट विकू नका, नोकरीही सोडू नका

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. मिस्टर ३८ वर्षांचे. चार महिन्यांपूर्वी टेम्पोने त्यांच्या दुचाकीला धडक दिली आणि मेंदूला मार बसला. आता ते चालतात, पण तोल जातो, शब्द सुचत नाहीत, सकाळचं संध्याकाळी आठवत नाही, राग आवरत नाही. नाशिकचा फ्लॅट विकून त्यांना वर्षभर निवासी पुनर्वसन केंद्रात ठेवावं आणि तुम्ही नोकरी सोडावी, असं तुमच्या दिरांचं म्हणणं आहे. त्यांची कळकळ खरी आहे, पण माझं उत्तर नाही असंच आहे.

तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरूनच बोलतो. फ्लॅटचे ४५ लाख येतील, १४ लाख कर्जात जातील, हातात ३१ उरतील. केंद्राचे महिना ९० हजार, म्हणजे वर्षाचे १० लाख ८० हजार. तुमचा पगार बंद, त्यात १४ हजार भाडं आणि २० हजार घरखर्च. वर्षअखेर साधारण १६ लाख शिल्लक. पुढे भाडं, घरखर्च, घरी मदतनीस आणि थेरपी धरली तर वर्षाला पावणेआठ लाख लागतील. तिसरं वर्ष संपताना घरही नाही, पैसाही नाही, आणि ते तेव्हा ४१ वर्षांचे असतील. मेंदूच्या दुखापतीत सुधारणा सुरुवातीच्या महिन्यांत वेगाने होते हे खरं, पण ती नंतरही वर्षानुवर्षं हळूहळू होत राहते. आधारही तितकीच वर्षं लागतो.

म्हणून केंद्रात तीनच महिने ठेवा, तेही उद्दिष्टं लिहून घेऊन: स्वतः आंघोळ करणं, वहीत बघून दिवस पार पाडणं, एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येणं. हे २ लाख ७० हजार सहा लाखांच्या एफडीतून द्या. मग त्यांना घरी आणा. स्वतःचं स्वयंपाकघर, ओळखीची गल्ली, रोजची माणसं यांच्यात शिकलेलं अंगवळणी पडतं. दिवसभराचा मदतनीस १५ हजार, फिजिओथेरपी, स्पीच आणि ऑक्युपेशनल (रोजची कामं पुन्हा शिकवणारी) थेरपी मिळून १६ हजार. ५८ हजार पगारातून १७ हजारांचा हप्ता आणि घरखर्च वजा जाता तुमच्याकडे २१ उरतात. महिन्याला १० हजारांची तूट येईल. उरलेली एफडी ती अडीच वर्षांहून अधिक काळ भरून काढेल.

नोकरीचं आणखी एक महत्त्व आहे. कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये मिस्टर आहेत. या दुखापतीनंतर त्यांना नवी स्वतंत्र पॉलिसी मिळणं फार कठीण.

शिवाय फ्लॅट दोघांच्या नावावर आहे. व्यवहार समजण्याच्या स्थितीत ते नसतील तर त्यांची सही किंवा अंगठा घेऊन केलेलं कुलमुखत्यारपत्र कोर्टात टिकत नाही. कोणी कितीही घाई केली तरी तसं करू नका. पुढे त्यांच्या मालमत्तेचे व्यवहार करावेच लागले तर उच्च न्यायालयाकडून पालक म्हणून नेमणूक मागता येते. कोमात असलेल्या पतीसाठी मुंबई उच्च न्यायालयाने पत्नीला असा अधिकार दिलेला आहे.

आता सगळ्यात निकडीचं. पत्रात अपघाताच्या भरपाईच्या दाव्याचा उल्लेखच नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो आणि तुमचे चार गेलेत. मदतनिसाचा खर्च या दाव्यात मागता येतो. 'काजल विरुद्ध जगदीश चंद' या २०२० च्या निकालात मेंदूला इजा झालेल्या मुलीसाठी सर्वोच्च न्यायालयाने तो गुणकाने मोजला, म्हणजे वर्षाच्या खर्चाला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणलं. मिस्टरांच्या वयाला गुणक १५ आहे. महिना १५ हजार मान्य झाले तर फक्त या एका मुद्द्यावर २७ लाख होतात, जवळपास फ्लॅट विकून हातात येणार तेवढेच. त्यासाठी मदतनिसाला रोख देऊ नका, बँकेतून द्या आणि पावती ठेवा. हातपाय चालतात म्हणून अपंगत्व कमी धरलं जाऊ नये, यासाठी स्मरणशक्ती आणि वागणुकीची न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी करून घ्या. लोकअदालतीत पटकन तडजोड करा असा आग्रह होईल. एकदा सही झाली की पुन्हा मागता येत नाही, तेव्हा प्रकृती स्थिरावेपर्यंत थांबा.

दुचाकी त्यांच्याच नावावर असेल आणि लायसन्स चालू असेल, तर विम्यात मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण आहे का ते पाहा. कायमचं संपूर्ण अपंगत्व त्यात येतं.

एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, मिस्टरांच्या पगाराच्या स्लिपा आणि दोन्ही गाड्यांच्या विम्याच्या प्रती घेऊन याच आठवड्यात वकिलांना भेटा. दिरांना सोबत न्या. महिन्याच्या तुटीतला थोडा वाटा उचलायला ते तयार होतील, असं पत्रावरून वाटतं.