वाखनिंगेनला यायचंय पण जमीन तारण ठेवू का? माझं सविस्तर उत्तर

राहुरीतून बीएस्सी ॲग्री झालंय, घरी सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर, आणि आता नेदरलँड्सला वाखनिंगेन विद्यापीठात शाश्वत शेतीत एमएस्सी आणि पुढे पीएचडी करायची, त्यासाठी जमीन तारण ठेवून कर्ज काढू का असं विचारलंयस, तर आधी पैशाचंच सांगतो. जमीन तारण ठेवू नकोस.

इथली एमएस्सी 2 वर्षांची, युरोपबाहेरच्यांना फी वर्षाला 20 हजार युरोच्या आसपास, वर राहणं-खाणं महिन्याला हजार युरोच्या खाली भागत नाही. विद्यार्थ्याला आठवड्याला 16 तासच काम करता येतं, नाहीतर जून-जुलै-ऑगस्टमध्ये फुल टाइम, आणि तेही मालकाने परमिट काढलं तरच, त्यामुळे पार्ट टाइम करून फी निघेल असं कुणी एजंट सांगत असेल तर सरळ उठून ये तिथून. पण जाहिरात देऊन भरलेली पीएचडीची जागा म्हणजे इथे नोकरी आहे, साधारण 4 वर्षांचा करार, पगार, सुट्ट्या, पेन्शनसकट. या जाहिराती विद्यापीठाच्या साईटवर येतात. मी एमएस्सी भारतातच केली आणि थेट इथे पीएचडीला लागलो, घरच्यांवर एक रुपयाचं कर्ज नाही. तूही एमएस्सी भारतातच कर, थिसिस मात्र मन लावून कर, कारण इंटरव्ह्यूत मला मार्कांचं कुणी विचारलंच नाही, प्लॉट कसे पाडले, नमुने किती घेतले, पाऊस उशिरा आला तेव्हा काय केलंस, हेच तासभर चाललं होतं.

आता कामाचं. इथे पट्ट्यापट्ट्याने पिकं घेण्यावर बरीच वर्षं संशोधन चालू आहे, कॅम्पसशेजारच्या ड्रुव्हेनडालच्या सेंद्रिय फार्मवर आणि तिकडे लेलीस्टाडला, जिथली जमीन समुद्र हटवून काढलेली आहे. 3 मीटरचा बटाट्याचा पट्टा, शेजारी गहू, कोबी, गवत-क्लोव्हर (चाऱ्याचं पीक) असं. बटाट्यावरचा उशिराचा करपा सलग शेतापेक्षा पट्ट्यात हळू पसरतो, कारण वाऱ्याने उडालेले बीजाणू शेजारच्या गव्हावर पडून वाया जातात. उत्पन्न मात्र प्रत्येक पिकाचं वाढतंच असं नाही, आणि मोठी यंत्रं एवढ्याशा पट्ट्यात वळवायची कशी हा शेतकऱ्यांचा पहिला प्रश्न असतो.

माझं अर्धं काम गुडघ्यावर बसून चालतं. 20 सेंटीमीटर लांब, रुंद, खोल असा मातीचा ठोकळा काढायचा, पांढऱ्या ट्रेमध्ये हाताने फोडायचा आणि गांडुळं मोजायची, लहान वेगळी, मोठी वेगळी, ऑक्टोबरच्या थंडीत बोटं लाल होईपर्यंत. बाबांना व्हिडिओ कॉलवर शेत दाखवलं तर म्हणाले, अरे ही तर आपली पट्टा पेर! आणि खरंच आहे ते, सोयाबीनच्या सहा ओळींमागे तुरीच्या दोन आपण कधीपासून लावतो. फरक एवढाच की आपल्या बांधावर त्याची वर्षानुवर्षं नोंद कुणी ठेवली नाही, कुठल्या ओळीत माती भुसभुशीत झाली, कुठल्या ओळीत अळी कमी आली. मला परत येऊन तेच मोजायचंय आणि तुझ्यासारखी घरी तूर असलेली पोरं या विषयात यावीत असं मनापासून वाटतं.

गाईडला इथे पहिल्या नावाने हाक मारतात, "सर" म्हटलं की अवघडतात, आणि तुझं चुकलं तर तोंडावर सांगतात, ते मनाला लावून घेऊ नकोस. उलट तूही त्यांना सांग, त्यांना तेच हवं असतं.

खोली मिळणं सगळ्यात अवघड. स्टुडंट हाउसिंगची नोंदणी निवडीचं पत्र आल्याच्या दिवशीच कर, आणि खोली किंवा करार न बघता कुणालाही डिपॉझिट पाठवू नकोस, माझे दोन महिन्यांचे भाड्याचे पैसे असेच गेले. वाखनिंगेनला रेल्वे स्टेशन नाही, एडे-वाखनिंगेनला उतरून बस घ्यायची, कॅम्पसपर्यंत जाते. पुढे पीएचडीला आलास तर मेसेज टाक, स्टेशनवर घ्यायला येतो, आणि यंदाच्या खरिपात घरच्या तुरीच्या ओळीतले आणि सोयाबीनच्या ओळीतले मातीचे ठोकळे काढून गांडुळं मोजून ठेव, वहीत तारखेसकट.