नद्यांशी बोलणी करणारा शिपाई

प्रश्न : ताई, जिम बुचरची हॅरी ड्रेस्डेनची मालिका वाचून काढली. शिकागोत उघडउघड धंदा मांडून बसलेला जादूगार, खून, तपास, सगळं आवडलं. पण पुढे पुढे हाणामारीच वाढत जाते. शहरातच घडणारी, जरा डोक्याने चालणारी जादू सुचवाल का? राजवाडे आणि ड्रॅगन नकोत.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : बेन आरोनोविच यांची ‘रिव्हर्स ऑफ लंडन’ मालिका घ्या. पहिला भाग त्याच नावाचा, २०११चा. अमेरिकी आवृत्ती ‘मिडनाइट रायट’ नावाने निघाली. नवीन समजून दोन्ही विकत घेऊ नका.

पीटर ग्रँट हा लंडन पोलिसांतला नवशिका शिपाई. आई सिएरा लिओनची, बाप जॅझ वाजवणारा. कॉव्हेंट गार्डनमध्ये खुनाच्या जागी रात्रीचा पहारा देताना त्याला एक साक्षीदार भेटतो, आणि तो निघतो भूत. हा पठ्ठ्या पळत नाही, रीतसर जबाब घ्यायला लागतो. मी तिथेच त्याच्या प्रेमात पडले.

इथली जादू न्यूटनने शास्त्रासारखी मांडून ठेवलेली आहे, आणि तिला खर्च आहे. मंत्र म्हटला की जवळच्या मोबाईलमधल्या चिपची वाळू होते. पीटर लगेच प्रयोग करून बघतो, किती जवळ असला तर जातो, बंद ठेवला तर वाचतो का. त्याचा गुरू नाइटिंगेल जुन्या वळणाचा, त्याला असले प्रश्न पडतच नाहीत. दोघांची ही जोडी मला ड्रेस्डेनपेक्षा जवळची वाटते.

पण खरा जीव आहे नद्यांत. इथे प्रत्येक नदीची माणसाच्या रूपातली देवता आहे. टेम्स ही नायजेरियातून आलेली बाई, वरच्या अंगाचा म्हातारा टेम्स वेगळा, आणि दोघांत हद्दीवरून तेढ. तिच्या पोरी म्हणजे उपनद्या. त्यातल्या फ्लीट आणि टायबर्न आज शहराखाली गटारांतून वाहतात, आणि टायबर्नबाईंचा तोरा मात्र बघण्यासारखा! या नद्यांच्या घरी काही खाल्लं-प्यायलं तर बांधील होण्याची भीती, म्हणून पीटर आधी शब्द घेतो, मग कपाला हात लावतो. बोडगेश्वराला हात जोडून मगच म्हापशाबाहेर पडणाऱ्या तुम्हाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडे गाव राखणाऱ्या राखणदाराची सीम, म्हणजे हद्द असते, त्या देवचाराला रोट आणि सोरो, म्हणजे दारू ठेवतात. या मालिकेत पोलिसांनी तंटा सोडवायला जायचं ते अशाच कुणाकडे. पणजीत सांत इनेजच्या नाल्यावरून जाताना मला हल्ली वाटतं, याच्या मालकिणीपुढे महापालिकेतलं कोण उभं राहील?

खोट काढायचीच तर पीटरला इमारतींवर भाषण ठोकायची खोड आहे, आणि पोलिसी आद्याक्षरांचा मारा सुरुवातीला दमवतो. पहिल्या भागांत बायकांकडे बघण्याची त्याची तऱ्हाही कधी कधी खटकते.

क्रम मोडू नका. ‘ब्रोकन होम्स’ या चौथ्या भागाचा शेवट आधी कुणाकडून ऐकलात तर अर्धी मजा गेली. पाचवा ‘फॉक्सग्लव्ह समर’ लंडन सोडून हेरफर्डशरच्या खेड्यात जातो. तिथून सुरुवात तर मुळीच नको. म्हापसा-पणजी कदंब बसमध्ये रोज वेळ जात असेल तर कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ यांच्या आवाजातलं ध्वनिपुस्तक ऐका. वेगवेगळ्या पात्रांना त्यांनी वेगवेगळी बोली दिली आहे.